परमुलखातलं मढं आणि काकीची चूल

आमच्या काकीनं लग्नाच्या वर्षातच सासऱ्याला उपाशी ठेवलं होतं.

काकी आज सकाळी गेली. शंभरीला टेकली होती. नात्यानं माझ्या आजोबांची वहिनी, पण आमच्या अंथुर्णे गावात लहानथोर सगळे तिला काकीच म्हणायचे.

सकाळपासून फोन चालू आहेत. प्रत्येकजण म्हणतो, "फार सोशिक होती."

सोशिक? आमची काकी? त्या सगळ्यांनी हे वाचावं.

साल एकोणीसशे तीसच्या पुढचं, नेमकं तिलाही आठवायचं नाही. कोऱ्हाळे बुद्रुकची चौदा-पंधरा वर्षांची पोर, नुकती लग्न होऊन आमच्या घरात आलेली.

त्या श्रावणात शाळेच्या गुरुजींनी मारुतीच्या देवळात नेहमीच्या पोथीऐवजी भलतंच काढलं. ग्रीक लोकांचं जुनं महाकाव्य. मांडीवर इंग्रजी पुस्तक, आणि अर्थ आपल्या मराठीत.

लोकांनी ते पोथीसारखंच ऐकायला घेतलं. पाय धुऊन बसले, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. गुरुजींचा नाइलाज झाला.

एका संध्याकाळी कथा ऐन रंगात आली. रुसून बसलेला वीर मित्र मेल्यावर उठला, त्यानं शत्रूचा राजपुत्र मारला आणि मढं रथाला बांधून धुळीतून ओढलं. अग्नीही देऊ देईना.

काकीचे सासरे, म्हणजे आमचे तात्या, भर देवळात बोलले, "मेल्यावर कसलं वैर? ह्यो कसला वीर?"

त्या दिवसाचं वाचन तिथंच थांबलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी कामाला म्हणून इंदापूरला गेले आणि तिकडंच तापानं पडले.

झालं. राजपुत्राचं मढं तसंच राहिलं.

मढं असेपर्यंत आळीत चूल पेटत नाही, ही आमच्याकडची रीत. काकीनं सकाळी चूल पेटवलीच नाही. सासूनं विचारलं तर म्हणाली, त्या पोराला अजून अग्नी न्हाय दिला.

सासू हसली की चिडली, हे काकी दर वेळी वेगळं सांगायची. चूल सासूनं पेटवली, आणि पाणवठ्यावर काकीची यथेच्छ टिंगल झाली.

टिंगल फार टिकली नाही. आबांच्या शंकरला पान लागलं.

पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. तरणाताठा पोरगा दुपारच्या आत गेला.

आबा म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ. पाटाच्या पाण्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

आणि स्मशानाची वाट तात्यांच्या रानातून.

ती वाट तात्यांनी बाभळीचे काटे लावून बंद केलेली. दुसरी वाट ओढ्यातून, आणि ओढा दुथडी भरलेला.

तिरडी काट्यांपाशी थांबली. पलीकडं तात्या, हातात कुऱ्हाड. रानात पाय टाकून दाखवा म्हणाले.

दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायला हवा होता. ऊन कलत होतं. आबांच्या भाच्यांनी काठ्या उचलल्या होत्या. एका मढ्याची दोन मढी व्हायला वेळ लागणार नव्हता.

काट्यांपाशी गडी उभे करून तात्या भाकरीपुरते घरी आले. त्यांच्या मागोमाग आबा आले. एकटे, डोक्यावर पटका नाही.

उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "तात्या, वैर माझ्याशी हाय ना? पोराला वाट दे."

तात्यांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सासूला म्हणाले, ताट वाढ.

वाढायला काही नव्हतंच. शंकर गेल्यापासून काकीनं चूल पेटवली नव्हती.

सासूनं दातओठ खात काकीला बजावलं, पेटव, न्हायतर उद्या गाडी जुंपून कोऱ्हाळ्याला पोचवते.

सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. म्हणून काकी चुलीशी बोलली. पदर डोक्यावर, तोंड चुलीकडं, आवाज मात्र बाहेर सोप्यात तात्यांना ऐकू जाईल एवढा.

"मेल्यावर कसलं वैर, असं देवळात म्हणत्यात. मग दारातल्या मढ्याला वाट का न्हाय? परमुलखातल्या पोरासाठी मी चूल थांबवली व्हती. ह्यो तर आपला शंकर हाय. मला कोऱ्हाळ्याला धाडा. मी पेटवायची न्हाय."





मग तात्या उठले. अनवाणीच रानात गेले, कुऱ्हाड बांधावर टाकली आणि काटे हातानं ओढायला लागले. हात रक्तानं भरले. आबा म्हणाले राहू दे, पोरं काढतील. तात्यांनी ऐकलं नाही.

मावळतीच्या आत शंकरला अग्नी मिळाला. खांद्याला तात्या होते.

घरी आल्यावर तात्या कुणाकडंच न बघता म्हणाले, "आता पेटवा. आबाकडं कडू घास न्यायचा हाय."

ज्या घरात मयत होते तिथं पहिलं जेवण बाहेरून जातं, तो कडू घास. भाकरी आणि पिठलं काकीनं केलं.

गुरुजी परतले तेव्हा सुतकही फिटलं होतं. शंकर गेल्याचं तेवढं त्यांना कळलं होतं, बाकी काही नाही. त्यांनी देवळात बसून, वाचायचं उरलेलं पान उघडलं.

म्हातारा राजा एकटाच शत्रूच्या तंबूत जातो. हात जोडून मुलाचं मढं मागतो. तो वीर रडतो, आणि देतो.

पुढं आबा बसलेले, शेजारी तात्या, हातांना अजून फडकी बांधलेली. दोघांचे डोळे वाहत होते. मागं बायका पदरात तोंड घालून रडत होत्या. गुरुजी वाचायचे थांबून विचारायला लागले, मी काही चुकलो का?

एवढं सांगून झालं की काकी ताठ बसायची आणि म्हणायची, "आमी आधी केलं. मग ऐकलं."

काय तो तोरा! आज तोच आठवून रडू येतंय.

काकी, तुला पोचवून घरी आलो. त्याच वाटेनं नेलं तुला. आता तिथं डांबरी रस्ता आहे.

तुला अग्नी देईपर्यंत आपल्या आळीत कुणाचाही गॅस पेटला नाही.

मघाशी आबांच्या पणतूची बायको डबा ठेवून गेली. भाकरी आणि पिठलं.

कडू घास पोचला, काकी. तू निवांत जा.