आईच्या पोटाचा फैसला

आईच्या पोटावरची चरबी कापून काढायची की नाही, हे आमच्या खाणावळीत जेवणाऱ्या गाववाल्यांनी मिळून ठरवलं. आईला विचारायचं तेवढं राहून गेलं.

वडील गेल्यापासून आई लालबागच्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत गिरणीतल्या माणसांना जेवू घालायची. माणसं सगळी आमच्याच गावची, मालवणकडची. आई चांगलीच लठ्ठ होती. पोट मांड्यांवर लोंबायचं, उन्हाळ्यात घडीखाली चिघळायचं. जमिनीवर बसली की तिला उठवायला मी लागायचे. परळच्या इस्पितळातल्या सर्जननी तिला तपासून सांगितलं, "ही लोंबणारी चरबी काढता येईल. वावरणं सोपं होईल. पण जखम मोठी असते, आणि तुमच्या वजनाला गुंगी देण्यात धोका आहे. खाणं तसंच राहिलं तर पुन्हा वाढेलही. घाई नाही, विचार करून सांगा."

विचार करायला गावकी बसली. मुंबईत राहूनही ही मंडळी गावाकडच्यासारखीच गावकी भरवत. भांडण असो नाहीतर सोयरीक, सगळ्यांनी बसून निकाल द्यायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन घसे बसलेले, तरी प्रत्येकाला बोलायचं होतंच. निकाल लागला: कापाकापी नको. वहिनी उरलेलं अन्न टाकत नाहीत, स्वतःच खातात, म्हणून अंग धरलंय. तेव्हा उद्यापासून कोणी काही उरवायचं नाही.

झालं! माणसं पातेली पुसून जेवू लागली. आईला वाटलं, मोर्च्यांत चालून बिचारी भुकेजतात. तिने भात वाढवला. त्यांनी निमूट संपवला. तिने आणखी वाढवला. महिन्याभरात आई होती तशीच राहिली आणि गावकीच्या सदऱ्यांची बटणं लागेनाशी झाली. इतकी प्रेमळ आणि इतकी मठ्ठ माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

शेवटी एका रविवारी भरल्या पंगतीत मी भडकले. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकांना म्हटलं, "काका, पोट तिचं आहे. तिला विचारलंत का कोणी?"

काकांचा घास हातातच राहिला. सगळी हकिगत आईला सांगावी लागली. ती आधी पोट धरून हसली. मग काकांनी विचारलं, "वयनी, तुमका काय होया?"

"माका कापून होया," आई म्हणाली. "ह्या ओझा आता उचलणा नाय. पण मी टेबलावरच गेलंय, तर ह्या चेडवाक कोण बघतलो?"

"आमी आसंव ना!"

"आसात. पण तिची शाळा?"

आईचा निर्णय माझ्यापाशी अडलाय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सर्जनना सांगितलं, पोरीची शाळा संपली की येते. त्यांनी मलम दिलं आणि उरलेलं अन्न खाऊ नका म्हणून बजावलं. तिने मान हलवली. ऐकलं अर्थातच नाही.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर मी म्हटलं, "आई, आता चल इस्पितळात."

"आता तुजा कॉलेज होऊंदे," ती म्हणाली, आणि उठवण्यासाठी माझ्याकडे हात केला.