काळ्या घोडीचा डोळा

परवा शिरूरच्या बाजारात चामड्याला तेल चोळल्याचा वास आला आणि बहात्तरच्या दुष्काळानंतरचं घोड नदीचं कोरडं पात्र डोळ्यापुढे उभं राहिलं. हंगामातल्या पहिल्या शर्यतीत बैलगाड्यांपुढे पळवायला कोवळी घोडी हवी होती, म्हणून मी मामांबरोबर इनामगावच्या वाळूत गेलो होतो. सगळे एका काळ्या घोडीच्या अंगावरचे केसांचे शुभ-अशुभ भोवरे बघण्यात गढले होते. मामांनी मात्र तिच्या डाव्या डोळ्यापुढे झटकन हात नेला. पापणी हललीसुद्धा नाही. "डोळा कुणी फोडला रं?" त्यांनी तिला शिकवणाऱ्या चाबूकस्वाराला विचारलं. तो हसला. "तोंडावर हाणल्याबिगर वळतच न्हाई, मामा." मामांनी त्याच्याच हातातला तेल चोळलेला चामडी चाबूक हिसकावला आणि त्याच्या तोंडावर असा ओढला, की गाल फाटून दात दिसले. तो किंचाळला. चाबकाच्या त्या ओळखीच्या आवाजासरशी घोडी दोर तोडून उधळली, आंधळ्या बाजूनं खडकावर आपटली, उठली आणि रक्ताळल्या तोंडानं पुन्हा पळत सुटली. काठावरचे लोक शिट्ट्या मारायला लागले. घोडीचा मालक खुशीत मामांकडे वळला, "बघितलं का कशी पळती? न्यायची का मंग?" परवा बाजारात तो वास आला, तेव्हाही माझा हात आपसूक डाव्या डोळ्यावर गेला होता.