धुतलेली बाटली
भिगवणच्या टपरीवर चहात गवती चहा पडला की मला सांगवीतली आमची त्याचं तेल काढायची भट्टी आठवते. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ऊस मोडून गवती चहा लावला होता. पात चुरगाळून हुंगली की तोडणी कधी करायची ते त्यांना कळायचं. आबा मोठ्या तापातून उठल्यावरची ती पहिलीच भट्टी. सगळं शिवार दरवळत होतं. आबांनी तेल मागितलं आणि घाईत मी नुसतीच धुतलेली, रिकामी बाटली त्यांच्या हातात दिली. डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला. "झ्याक उतरलंय," म्हणाले, आणि मग हळूच, "तुला येतोय न्हवं वास?" तापात त्यांचा वास गेलाय, हे मला तेव्हा कळलं. मी "व्हय आबा" म्हणालो. पुढं प्रत्येक भट्टीला ते बाटली आधी मलाच देत आणि "कसा हाय, सांग" म्हणत. मला कधीच नीट सांगता आलं नाही. आबा गेले, तरी चहाच्या पहिल्या घोटाला मी अजून त्या वासासाठी शब्दच शोधतो.