देवघरातलं धान

लाखनीला आमचं घर बांधून झालं तेव्हा त्यात सगळं होतं, फक्त देव नव्हते. देवघर मात्र होतं. नवऱ्याने हौसेने काढलेलं, पूर्वेला खिडकी, कोनाड्याला निळा रंग. देव दिघोरीला होते, सासूबाईंजवळ. घराचे कागद शिक्षकांच्या पतसंस्थेत गहाण पडलेले, आणि गहाण घरात कुळाचे देव बसवायचे नाहीत हा सासूबाईंचा कायदा. देव येणार नाहीत म्हणजे त्यांना रोज आंघोळ घालणाऱ्या सासूबाईही राहायला येणार नाहीत. कर्ज फिटलं की दोघंही कायमचे लाखनीला यायचे, असं ठरलेलं.

हे ऐंशीच्या आसपासचं. नवरा शाळेत मास्तर. मी मॅट्रिक झालेली, आणि ते मॅट्रिक मी नाकावर घेऊन फिरायची. सासूबाई वाईट नव्हत्या हो. पण देव शेजारणीवर सोपवून त्या दोन दिवस आल्या की मी न सांगता पहाटे उठायची, डोक्यावरचा पदर सांभाळायची. माझी भाजी चाखून त्या काही बोलायच्या नाहीत. नुसतं मीठ मागायच्या. त्या मिठाची मला भारी धास्ती. एरवी मी सात वाजेपर्यंत लोळायची आणि दुपारी पाय पसरून मासिक वाचायची. महिन्याला पगारातून हप्ता कापला जायचा, तेव्हा नवरा उसासा टाकायचा आणि मला मात्र त्या हप्त्याची माया वाटायची.

अशात एका दिवाळीनंतर पगारवाढीची थकबाकी एकरकमी हाती आली. नवरा शाळेतून जवळजवळ पळतच घरी आला. कर्ज फिटायला थोडंच कमी पडत होतं, तेवढं भावाकडून उसनं घेऊ म्हणाला, आणि येत्या महिन्यात आई इथं.

म्हणजे माझी सात वाजेपर्यंतची झोप गेली. पण बाईने घाबरल्यावर घाबरल्यासारखं दिसू नये. मी पोराची पाटी ओढली आणि नवऱ्यासमोर बसून गणित मांडलं. पतसंस्थेचं व्याज किती, तर अगदीच मामुली. धान आत्ता निघालंय, भाव पडलेला. आत्ता घेऊन ठेवलं आणि आषाढात लोकांची कोठारं रिकामी झाल्यावर विकलं, तर काय मिळेल? स्वस्तातलं कर्ज घाईने फेडणारा माणूस पैशाला झोपवून ठेवतो, असं एक वाक्यही मी फेकलं. कुठून सुचलं देव जाणे. गणिताचा मास्तर तोंडाकडे पाहत राहिला. आपल्या बायकोत एवढं डोकं आहे हे त्याला नवीन होतं. मलाही.

तरी तो अडलाच. आईला विचारू म्हणाला. आई त्याच्याच बाजूने बोलणार याची त्याला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

रविवारी एसटीने दिघोरीला गेलो. सासूबाई अंगणात धान पाखडत बसलेल्या. नवऱ्याने स्वतःची बाजू आणि माझी बाजू, दोन्ही मोठ्या इमानदारीने मांडल्या. सासूबाई सूप थांबवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कर्ज काय पळून जाते का, बाबू? पोरगी बरोबर बोलून राहिली. धान घे."

लग्नानंतर पहिल्यांदा आम्हा दोघींचं एकमत झालं होतं. नवरा पार गोंधळला. मी मात्र अशी फुगले की परतीच्या एसटीत दोन माणसांची जागा मला लागली. आपली हुशारी सासूलाही पटली, असा माझा समज.

मग सासूबाईंनी तर कमालच केली. चांगलं धान स्वतः पारखून घेतलं, अंगणात पुन्हा वाळवलं, दातांखाली फोडून पाहिलं, आणि गावातल्या ओळखीच्या ट्रकवर पोती चढवून दिली. ठेवायची कुठे? नवरा डोकं खाजवत होता. मीच म्हटलं, देवघर रिकामंच आहे. पोती छताला लागली, पूर्वेची खिडकी झाकली गेली. आता कर्ज होतं ते होतंच, वर देवांना बसायला जागाही नव्हती. मी निवांत झाले. उंदरांसाठी एक मांजर पाळली आणि हिवाळाभर उन्हात बसून मासिकं वाचली.

आषाढ आला. भाव चढला, आणि चांगला चढला. मी अजून थोडं थांबू म्हणत होते, पण नवऱ्याने व्यापारी आणलाच. पोती काट्यावर चढली, देवघर रिकामं झालं. नवऱ्याने माझीच पाटी घेतली, बेरीज केली आणि हसत सुटला. उसनं घ्यायची गरज नव्हती. सगळं कर्ज फिटून वर एक लुगडं येत होतं. मी व्याज मांडलं होतं, भाव मांडला होता. भाव चढला की कर्जही फिटतं, एवढी बेरीज मात्र मॅट्रिकवालीची राहून गेली होती. गावभर नवरा सांगत सुटला, बायकोच्या डोक्याने घर सुटलं म्हणून.

श्रावणात सासूबाई आल्या. देव टोपलीत, टोपली मांडीवर, वर लाल फडकं. कोनाड्यात देव बसवून झाले. संध्याकाळी आम्ही दोघी देवघराच्या कोपऱ्यातले सांडलेले दाणे वेचत होतो. बाहेर रस्त्यावर ट्रक बोंबलत होते. सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "मी तुह्या भरवशावर होती, पोरी."

"कायच्या, आत्याबाई?"

"मले वाटलं, तू काही एवढ्या लवकर फिटू देत नाहीस."

माझ्या हातातले दाणे हातातच राहिले. "तुमाले यायचं नव्हतं?"

"माह्या घरामागं पाण्याची बोडी आहे, शेजारणी आहेत. इथं येऊन काय ट्रका मोजू?"

"मंग धान घ्याले काहून सांगतलं?"

"तू काहून सांगतलं?" त्यांनी मान वर केली.

मी देवांकडे पाहिलं, त्यांनी दारातून ट्रककडे पाहिलं. मग आम्ही दोघी अशा हसलो की नवरा धावत आला. काय झालं म्हणून विचारू लागला. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "काही नाही बाबू, घर मोठं झाक बांधलं तू. पण लहान पडते. वरतं एक खोली काढ ना. पतसंस्था कर्ज देते का अजून?"

कर्ज म्हणजे पुन्हा गहाण घर, आणि देव कोनाड्यात अजून नीट टेकलेही नव्हते. नवरा काही बोलायच्या आत मी आत गेले आणि पाटी पुसून आणली. ती वरची खोली म्हणजे हीच, जिथं बसून मी हे लिहिते आहे.