सुंदरबाईनं निवडलेली ताडपत्री

रिसोडजवळच्या तांड्यावर कुणी जंगलात मुक्कामाला निघालं, की आधी सुंदरबाईला विचारायचं. ती आणि तिचा नवरा मदनसिंग तीस हिवाळे चंद्रपूरकडच्या जंगलात बांबू तोडायला गेले होते. राहायला ताडपत्रीचं पाल कुठं ठोकायचं, त्याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, खाली काय अंथरायचं, सगळं तिला ठाऊक. तीन वर्षांपूर्वी मदनसिंग वारला आणि गुडघ्यांमुळे तिचंही जाणं थांबलं. यंदा दिवाळीनंतर मुलगा बादल आणि सून रंजीता पहिल्यांदाच निघाले होते, दीड वर्षाच्या साक्षीला घेऊन.

ताडपत्री घ्यायला सुंदरबाई हट्टानं त्यांच्यासोबत बाजारात आली. बादलनं एक पातळ, निळी ताडपत्री उचलली.

"याडी, ही हलकी हाय," तो आईला म्हणाला. "तिथं लय दूर पायी जा लागते."

सुंदरबाईनं ती उजेडात धरली आणि बाजूला सारली. दुकानदाराला ढिगाच्या तळातली जाड ताडपत्री काढायला लावली, तिच्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि खालून तळहात फिरवून पाहिला. कोरडा.

"ही घे. आन् खाली अंथरायले अजून एक. वरून कितीबी पांघरा, गारठा जमिनीतून येते."

"एवढं काहून?" रंजीता म्हणाली. "चार महिन्याची तं गोष्ट हाय."

सुंदरबाई म्हणाली, "बादलच्या आधी मले एक पोरगी होती."

बादलनं हे कधीच ऐकलं नव्हतं.

"आमचं पाल असंच पातळ होतं. जानेवारीत दोन दिवस पाणी पडलं. गोधड्या भिजल्या. तिले पोटाशी धरून बसली मी, पन मीच वली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरगी गार पडली. तिथंच ठेवली तिले, सागाखाली."

बादलनं दोन्ही जाड ताडपत्र्या घेतल्या.

घरी येऊन सुंदरबाईनं दोन जुन्या गोधड्या एकत्र शिवल्या, पोत्यांत वाळलेलं गवत भरलं. निघायच्या दिवशी जीप आली. बोचकी चढली आणि रंजीतानं साक्षीला सासूच्या मांडीवर ठेवलं.

"हिले इथंच ठेवते."

"अवं, म्या ताडपत्रीसाठी सांगतलं ते! पोरगी ठेव म्हून नाही."

"माहीत हाय," रंजीता म्हणाली. "पन माह्या डोक्यातून ते जाऊनच नाही राह्यलं."

जीप गेली. साक्षी आठ दिवस दारात बसून रस्त्याकडे बघत होती. मग बसेनाशी झाली.

जानेवारीत पाऊस झाला. बादलचा फोन आला, "याडी, एक थेंब आत नाही आला. खालतीबी कोरडंच हाय."

"बरं झालं," सुंदरबाई म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिला रडू आवरेना. साक्षी आईजवळ राहू शकली असती.

होळीला ती दोघं परतली. रंजीतानं हात पसरले, तर साक्षी आजीच्या लुगड्याआड लपली.

"जा, तुही माय हाय," सुंदरबाईनं तिला पुढं ढकललं. पोरगी किंचाळली. रंजीता बोचक्याशेजारी खाली बसली.

"राहू द्या. येईल ते."

सुंदरबाईनं लुगडं साक्षीच्या मुठीतून सोडवलं आणि ती शेजारच्या घरी जाऊन बसली. पोरीला आईशिवाय समोर दुसरं कुणी दिसायला नको होतं. पलीकडून साक्षीचं रडणं ऐकू येत राहिलं. सुंदरबाई उठली नाही.