पडवीबाहेरचा अठरावा गण

आदरणीय शेट्येबाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते अकरावी विज्ञानाच्या वर्गात. त्यांना निवृत्त होऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची जागा रिकामी होती. संस्थेने विनंती केली आणि बाई पुन्हा खडू हातात घेऊन आल्या. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात त्यांच्या मोठमोठ्या विद्यार्थ्यांचे लेख आहेत. रविवारच्या वर्गातर्फेही एक असावा, असे समितीने मला सांगितले. मी वेल्डिंगचे काम करतो. लेखात काही उणे राहिले तर ते माझे समजावे, बाईंच्या शिकवण्याचे नव्हे.

पहिल्या दिवशी बाईंनी आमची नावे विचारलीच नाहीत. प्रत्येकाला एकेक मूलद्रव्य दिले आणि आवर्तसारणीत जसे बसतात तसे आम्हाला बाकांवर बसवले. एका रांगेत एक गण. "गण म्हणजे भावकी," त्या म्हणाल्या. "रीतीभाती सगळ्यांच्या सारख्या, पण थोरल्यापासून धाकट्यापर्यंत स्वभाव पायरीपायरीने बदलत जातो. तो कसा बदलतो तेवढं कळलं, की पाठ करायला फार उरत नाही."

मला खिडकीजवळच्या शेवटच्या रांगेत आर्गॉन मिळाला. अठरावा गण, निष्क्रिय वायू, कोणाशी संयोग न करणारे. पुढच्या रांगेतून सोडियम झालेला प्रथमेश ओरडला, "बाई, बरोब्बर दिलात! कॉलेज सुरू होऊन चार दिवस झाले, ह्याने अजून तोंड उघडलेलं नाही."

वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "सोडियम, जपून हो. तुला भडकायला पाण्याचा एक थेंब पुरतो."

मग त्या माझ्याजवळ आल्या आणि मला एकट्यालाच ऐकू येईल असे म्हणाल्या, "निष्क्रिय म्हणजे निकामी नव्हे. बाहेरची कक्षा पूर्ण भरलेली आहे, म्हणून तो घाई करत नाही." त्या दिवसापासून मला रसायनशास्त्राची भीती वाटेनाशी झाली. इंग्रजी पुस्तकाची वाटायची, पण बाई प्रत्येक शब्द दोन्ही भाषांत सांगत असत.

बाईंचे शिकवणे कसे होते याचे एकच उदाहरण देतो. पहिल्या गणात खाली जावे तशी अभिक्रियाशीलता वाढते आणि सतराव्यात खाली जावे तशी कमी होते, हे मला काही केल्या उमगत नव्हते. एकाच सारणीत दोन उलटे नियम कसे? बाई म्हणाल्या, "तुमच्या वाडीतले किती जण मुंबईला आहेत? लांब गेलेल्यावर घरची पकड सैल होते ना? खालच्या अणूत बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून असाच लांब असतो. आता, पहिल्या गणाला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो आणि सतराव्याला घ्यायचा असतो. देणाऱ्याची पकड सैल असली तर देणं सोपं. घेणाऱ्याची मात्र घट्ट हवी. नियम एकच आहे रे, पकडीचा." मला तो नियम पुन्हा कधी पाठ करावा लागला नाही. पण उत्तर लिहिताना "बहुतेक" हा शब्द गाळला की त्या वही परत करीत. भावकीतला थोरला पुष्कळदा निराळा वागतो, फ्लोरीन सगळ्याच बाबतींत क्लोरीनच्या पुढे नसतो, हे विसरायचे नाही असा त्यांचा कटाक्ष असे.

अकरावीची परीक्षा झाली आणि त्याच आंब्याच्या हंगामात पावस गावाजवळच्या बागेत माझे वडील झाडावरून पडले. कंबरेला मार बसला. घरात कमावणारा दुसरा कोणी नव्हता. मी मामाच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाला लागलो आणि बारावीचे वर्ग सुरू झाले तेव्हा गेलो नाही. मनात होते की कसेही करून बारावी व्हावी, पण ते कोणाजवळ बोलण्यासारखे नव्हते.

एका दुपारी बाई रिक्षाने दुकानात आल्या. मामाला वाटले, गिऱ्हाईक.

"या बाय, काय बनवायचंय? गेट की ग्रील?"

"बारावी," बाई म्हणाल्या.

मामाने वळून माझ्याकडे पाहिले. मी तोंडावरची काच वर केली. वर्गाला का येत नाहीस, असे बाईंनी विचारले नाही. कोपऱ्यातल्या निळ्या सिलिंडरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यात कोण आहे?"

"आर्गॉन, बाई."

"काय करतो?"

"स्टीलच्या जोडाला हवा लागू देत नाही. तो नसला तर ऑक्सिजन लागून जोड काळा पडतो, ठिसूळ होतो."

"म्हणजे स्वतः कशात न मिसळता दुसऱ्यांना नीट जोडून देतो." मग मामाकडे वळून त्या म्हणाल्या, "ग्रीक भाषेत ह्याच्या नावाचा अर्थ आळशी असा होतो, माहीत आहे?"

"आळशी?" मामा उसळलाच. "अवो, आमच्या दुकानात सगळ्यात जास्त राबतो तो! त्याच्याबिगर कँटीनवाल्याचं एक टेबल होयाचं न्हाय."

बाई मनापासून हसल्या आणि तिथल्याच लोखंडी स्टुलावर बसून त्यांनी आम्हा दोघांना एक गोष्ट सांगितली. ज्या शास्त्रज्ञाने पहिली आवर्तसारणी मांडली, त्याच्या सारणीत आर्गॉनला जागाच नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी तो हवेत सापडला, तेव्हा मोठी पंचाईत झाली. वजनाने पाहावे तर पोटॅशियमच्या पुढे आणि स्वभावाने कोणत्याच भावकीत न बसणारा. काहींना वाटले, हे मूलद्रव्यच नसेल. "शेवटी काय केलं? त्याला बाहेर नाही काढलं. सारणी मोडलीही नाही. एक रकाना वाढवला," बाई म्हणाल्या. "आता सांग, दुकान रविवारी बंद असतं ना?"

"दुपारपासून," मामानेच उत्तर दिले.

"मग रविवारी दुपारी माझ्या पडवीत यायचं. परीक्षेला बसण्याचं प्राचार्यांशी बोलून मी बघते. प्रात्यक्षिकांना मात्र यावंच लागेल. त्या दिवशी ह्याला सोडाल ना?"

मामा म्हणाला, "बाय, तुमी एवढ्या उन्हाच्या आलात, आता मी न्हाय म्हनू?"

असा रविवारचा वर्ग सुरू झाला. बाईंच्या पडवीला लाल चौकोनी लाद्या आहेत. बाई खडूने त्या लाद्यांवर आवर्तसारणी लिहीत आणि आम्ही तिच्यावर उभे राहून उत्तरे देत असू. गुडघा दुखत असतानाही लिहायचे काम त्यांनी कोणाला करू दिले नाही. गंमत अशी की पडवीची लांबी सतरा लाद्यांचीच आहे. अठरावा गण टोकाच्या जांभ्याच्या पायरीवर, पडवीच्या बाहेर जाई. जांभ्यावर खडू उठत नाही, म्हणून तिथे बाई चुन्याने लिहीत. माझी जागा तीच. पहिल्या दिवशी मी संकोचून पडवीतच उभा राहिलो, तर म्हणाल्या, "तुझ्या घरी जा की रे. घर बाहेर आहे म्हणून काय झालं? सारणीतच आहे."

दोन महिन्यांत आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात काम करणारी मानसी आली. मग बोटींची इंजिने दुरुस्त करणारा अरमान आला. दोघांचेही शिक्षण माझ्यासारखेच मध्ये थांबलेले. बाई खूश होऊन म्हणाल्या, "बघ, तिथेही असंच झालं होतं. आधी आर्गॉन हाती आला आणि मग त्याच्या भावकीतले पाठोपाठ सापडत गेले." मानसीला निऑन आणि अरमानला क्रिप्टॉन मिळाला. वर्ग संपला की बाई तिघांना तांदळाच्या पिठाची तळलेली बोरे खायला देत असत आणि मानसीला अंधार व्हायच्या आत निघायला लावत.

आता परीक्षेविषयी लिहितो, कारण बाईंचा मोठेपणा मला तिथेच कळला.

कोणताही प्रश्न आला तरी आधी गाव मांडावे आणि मग घर शोधावे, अशी बाईंची शिकवण होती. गाव म्हणजे आवर्तसारणी. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पेपरात हॅलोजनांवर प्रश्न आला. मी पट्टी घेतली आणि गाव मांडायला बसलो. अठरा रकाने, सात ओळी, खालच्या दोन वेगळ्या ओळीसुद्धा. एका चौकोनाची रेघ वाकडी आली म्हणून खोडून पुन्हा काढली. अणुअंक दोनदा तपासले. हॅलोजनांपर्यंत पोहोचलो आणि मान वर केली, तर बराच वेळ निघून गेला होता. मग येत होते तेही लिहून झाले नाही. मी नापास झालो.

निकालाच्या दिवशी बाईंकडे जायचा धीर होत नव्हता. मामाने स्कूटरवर घालून नेऊन सोडले. बाईंनी मला पाणी दिले आणि सगळे ऐकून घेतले.

"एवढी सारणी काढलीस, तीत चुका किती झाल्या?"

"एकही नाही, बाई."

"परीक्षकाला घरी टांगायला दिलीस की काय रे?" त्या म्हणाल्या आणि आम्हा दोघांनाही हसू आले. मला हसता हसता रडू आले. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. एवढी वर्षं मी मुलांना गाव मांडायला शिकवत आले. कुठे थांबायचं ते शिकवलं नाही. मुलं आपापली थांबत होती, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही."

सत्तरी ओलांडलेल्या, शेकडो मुले शिकवलेल्या बाईंनी त्या दिवसापासून आपली पद्धत बदलली. आता सबंध सारणी नाही. फक्त शेजारी मांडायचे. वरचा, खालचा, डावीकडचा, उजवीकडचा. मला ते जमेना. एखादा चौकोन राहिला की मी मागे फिरून तो भरून टाकी.

"बाई, पण काही राहून गेलं तर?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ज्याने पहिली सारणी मांडली त्यानेही जागा मोकळ्या सोडल्या होत्या. ओढूनताणून भरल्या नाहीत. त्या सोडल्या म्हणूनच तर त्याची सारणी खरी ठरली. शेजारी बघून त्याने सांगितलं, इथे कोणीतरी येईल आणि तो असा असा असेल. आणि तसेच ते आले. मोकळी जागा म्हणजे चूक नव्हे, नितेश."

मग दर रविवारी त्या मला एक जागा मुद्दाम मोकळी ठेवून पुढे जायला लावीत. सिलिकॉन आणि कथील लिहायचे, मधली लादी सोडायची, आणि तिच्यावर जो येईल तो कसा असेल ते फक्त शेजाऱ्यांवरून सांगायचे. सुरुवातीला माझा पाय त्या रिकाम्या लादीवरून पुढे पडत नसे. बाई शेजारी उभ्या राहून म्हणत, "चल, मी बघते तिच्याकडे. तू पुढे हो." वर्षभर त्यांनी हे न कंटाळता केले. वडिलांना तपासणीला न्यायचे असे त्या रविवारी मी येऊ शकत नसे, तेव्हा सोमवारी दुकान बंद व्हायच्या वेळी बाई स्वतः तिथे येत. मामा स्टूल पुसून ठेवी.

दुसऱ्या वेळच्या पेपरात एक प्रश्न मला आलाच नाही. आधी हात थांबला. मग मी चार ओळी मोकळ्या सोडल्या आणि पुढे गेलो. बाकीचे सगळे वेळेत लिहून झाले. त्या चार ओळी शेवटपर्यंत मोकळ्याच राहिल्या आणि तरीही मी पास झालो.

पेढे घेऊन गेलो तर बाईंनी आधी तेच विचारले, "किती सोडलंस?"

"एक प्रश्न, बाई."

"शाब्बास," त्या म्हणाल्या. गुण त्यांनी नंतर विचारले.

त्यानंतर मी आणि मामाने बाईंच्या त्या पायरीवर पत्र्याची शेड घातली, म्हणजे अठराव्या गणाला पाऊस लागू नये. पायरीला धरायला स्टीलचा कठडा केला. त्याचे वेल्डिंग अर्थातच आर्गॉनवर. बाईंनी जोडांवरून बोट फिरवून पाहिले आणि "कुठे जोडलंय ते कळत नाही रे," एवढेच म्हणाल्या. आता पायरी उतरताना त्या तो कठडा धरतात. वर्गात सध्या सात जण आहेत. मानसी यंदा बारावीला बसते आहे. तिला मी शेजारी मांडायला शिकवतो आणि चुकलो तर बाई आतून हाक मारून दुरुस्त करतात.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. बाईंच्या पडवीत सारणीच्या सात ओळी भरलेल्या आहेत. सातवी ओळ पूर्ण भरली ती आमच्या डोळ्यांदेखत. पण तिच्याखाली बाई लाद्यांची आणखी एक ओळ दर रविवारी झाडून स्वच्छ करतात आणि मोकळी सोडतात. आठव्या ओळीतले मूलद्रव्य अजून कोणालाही मिळालेले नाही. त्या ओळीतल्या पहिल्याची जागा पहिल्या गणात, फ्रान्सियमच्या खाली. मध्यंतरी मी त्यांना विचारले, "बाई, तो कसा असेल? वरच्यांपेक्षा तापट?"

"बहुतेक," बाई म्हणाल्या. "पण नसेलही. आल्यावर बघू."

आल्यावर बघू, असे बाई म्हणाल्या आहेत. रविवारच्या वर्गाच्या वतीने माझे एवढेच मागणे आहे की तो येईल तेव्हा बाई तिथे असाव्यात. गुडघ्याचे दुखणे तोवर गेलेले असावे. आम्ही त्यांच्या हातात खडू द्यावा, त्यांनी आमचा कोणाचा आधार न घेता खाली बसावे आणि त्या मोकळ्या लादीवर स्वतःच्या अक्षरात ते पहिले नाव लिहावे. त्याला कितीही वर्षे लागोत, तेवढे आयुष्य बाईंना मिळो. आम्ही लादी झाडून ठेवू.