दलालमुक्तीचे अध्यक्ष

मारोतराव बावनकर भिलाईच्या पोलाद कारखान्यातून भांडार विभागाचे अधिकारी म्हणून निवृत्त झाले, तेव्हा सेक्टर दहाचं क्वार्टर सुटलं आणि हाताखालची माणसंही सुटली. जुनवानीच्या नव्या घरात हुकूम सोडायला उरल्या एकट्या पत्नी बेबीताई, आणि त्या ऐकत नव्हत्या.

असेच एकदा ते धमध्याकडच्या एका गावच्या बाजारात गेले. तिथे नरेश नावाचा व्यापारी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवायचा, कमरेत धरून उचलायचा आणि भाव सांगून मोकळा व्हायचा. शेळ्या पाळणाऱ्या बाया मुकाट्यानं दोर त्याच्या हाती द्यायच्या. मारोतराव तापले. "आमच्या प्लांटमधून वजनाबिगर साधा बोल्ट बाहेर जात नव्हता! अन् इथं जिता बोकड अंदाजानं विकून राहिले?"

बघता बघता त्यांनी त्या बायांची शेळीपालक कंपनी उभी केली. अध्यक्ष ते स्वतः, संचालक त्यांचेच निवृत्त मित्र. घोषणा एकच : दलाल हटाव. कंपनीनं आधी एक टांगता वजनकाटा घेतला, मग अध्यक्षांसाठी फिरती खुर्ची.

पण गावोगाव हिंडून माल गोळा करायचा कुणी? वाटा नरेशला ठाऊक, गाडी नरेशची, खुर्सीपारचे खाटीक ओळखत तेही नरेशलाच. शेवटी मारोतरावांनी त्यालाच 'संकलन अधिकारी' नेमलं आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवला.

बेबीताईंनी खिडकीतून पाहिलं. "दलाल हटला म्हणता, तो गेला कोठी? गळ्यात पट्टा घालून तोच तर येऊन राहिला!"

"तुले व्यवस्थापन समजत नाही," मारोतराव म्हणाले.

बकरी ईद जवळ आली. चांगल्या भावाच्या आशेनं बायांनी आपले बोकड कंपनीकडे सोपवले, आणि ते सगळे जुनवानीच्या अंगणात येऊन थांबले. खुर्सीपारचं गिऱ्हाईक दारात उभं होतं. पण संचालक मंडळाच्या मंजुरीशिवाय विकायचं नाही, असा नियम अध्यक्षांनीच केला होता. एक संचालक मुलाकडे पुण्याला गेलेला, दुसऱ्याच्या डोळ्यावर पट्टी. बैठक काही भरेना. बोकडांनी शेजारच्या श्यामरावांचा मोगरा फस्त केला, मग मोटारीचं कव्हर. चाऱ्याचीही मंजुरी बाकीच होती. ईद आली आणि गेली. त्या बायांपैकी नीतू साहूनं वर्षभर हातानं पाला भरवून वाढवलेला बोकड तर मंजुरीच्या आधीच मेला. उरलेले, हाडं दिसायला लागलेले, नरेशनं पडेल भावात उचलले. अर्थात अंदाजानं.

नीतू चारपाच बायांना घेऊन जुनवानीला आली. मारोतरावांनी बैठकीची अडचण समजावून सांगायला घेतली.

"साहब, छेरी मन मीटिंग ला नइ समझें," नीतू म्हणाली. शेळ्यांना मीटिंग कळत नाही. बोलताना तिची नजर खाली गेली नाही. तिनं भिंतीवरचा काटा काढला आणि खांद्यावर टाकला.

"अरे, ती कंपनीची मालमत्ता आहे!"

"कंपनी तो हमीमन हन," कंपनी म्हणजे आम्हीच की, असं म्हणून ती चालू लागली. फिरत्या खुर्चीला कुणी हात लावला नाही.

बायांनी तो काटा बाजारातल्या चिंचेला टांगला. वजनाशिवाय एकही दोर सुटणार नाही, असं ठरलं. पहिल्या बाजाराला नरेश रागानं रिकाम्या गाडीनं परतला. पुढच्या बाजाराला येऊन गुमान काट्यासमोर उभा राहिला. खुर्सीपारला मटण तर रोजच लागतं.

मारोतराव कितीतरी दिवस घुश्शात होते. मग मराठी मंडळात 'दलालमुक्ती' या विषयावर त्यांचं व्याख्यान ठरलं. प्रमुख पाहुण्या म्हणून या, असं नीतूला सांगायला ते बाजारात गेले. ती एका धडपडणाऱ्या बोकडाला काट्याच्या झोळीत बसवत होती. "साहब, थोडकुन गोड़ ला धर," जरा पाय धरा, असं तिनं सांगितलं.

मारोतरावांनी पाय धरला. बोकडानं त्यांच्या कडक इस्त्रीच्या सफारीवर धार सोडली. बाया पदराआड हसल्या.

"काटा स्थिर होऊ द्या," मारोतराव अधिकारानं म्हणाले, आणि पाय सोडला नाही.